डबा बेवारस नसतो

घंटीची दोरी ओढायच्या आधी मुंजाजीकाका गाडीतली माणसं बघत नसत, डबे बघत. येलदरीला रात्री मुक्कामाला थांबून सकाळी परभणीकडे निघणाऱ्या लाल गाडीचे ते कंडक्टर. ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाकडं त्यांनी डब्यांना देऊन टाकलं होतं. जिंतुरात नि परभणीत खोली करून शिकणाऱ्या पोरापोरींचे हे डबे. गावागावांत पहाटे चुली पेटत, भाकरी होत, आणि कुणाची माय, कुणाची आजी फाट्यावर येऊन फडक्यात बांधलेला डबा काकांच्या हातात देई. स्टँडवर पोरगं येऊन तो घेई आणि कालचा रिकामा परत करी. याची कुठे नोंद नव्हती, की कुणी कुणाला काही देत नव्हतं. आमच्या भागात मुलं शिकली ती अशी, गाडीच्या पहिल्या बाकड्यावर.

गाडी कितीही भरलेली असो, त्या बाकड्यावर माणूस टेकलेला काकांना खपत नसे. एकदा जिंतुरात एक पुढारी चढले आणि डबे सरकवून ऐसपैस बसले. काका त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"सायेब, उठा. ही शीट रिजर्व हाय."

"कुणाला?"

"पोरांला."

"कुठंयत पोरं?"

"पोरं परभणीत उपाशी हायेत. त्यांचं जेवन बसलंय हितं, त्येला धक्का मारू नका."

गाडीतली माणसं तोंडाला रुमाल लावून हसू लागली. पुढारी बोरीपर्यंत उभ्याने गेले. पुढे काकांना डेपोत बोलावणं आलं म्हणे. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण बाकडं डब्यांचंच राहिलं.

काका अंगाने सडपातळ, मिशी जाड, आणि जिभेला धार. सुट्ट्या पैशांवरून ते रोज कुणाचा तरी उद्धार करत. पण डब्यांच्या बाबतीत त्यांचे दोन नियम होते आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. पहिला नियम, दुसऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायचं नाही. "झाकन म्हंजी घराचं दार. आत काय हाय न् काय न्हाई, ते ज्येचं त्येला." दुसरा नियम, डबा कुठेही पडलेला दिसला तरी तो उचलायचा आणि ज्याचा आहे त्याला पोचवायचा. "डबा बेवारस नसतो बाई. कुणीतरी भुकेलं त्येची वाट बघायलंय. मानूस एखाद्या येळंस बेवारस असंल, डबा न्हाई."

माझा डबा त्यांच्या चेष्टेचा हक्काचा विषय होता. आम्ही भोयांचे; वडील येलदरीच्या धरणात जाळं टाकत. त्यामुळे आठवड्यातून दोनतीनदा माझ्या डब्यात मासळीचं कालवण. ते सांडू नये म्हणून माय झाकणाच्या कडेने कणकेची वळी लावून डबा बंद करायची. कणकेने कालवण अडायचं, वास अडायचा नाही. मी परभणीत शिकत होते; स्टँडवर गेले की काका लांबूनच ओरडत, "ये माय, घेऊन जा तुजं धरण! जिंतूरपसून आख्खी गाडी पान्यात बसल्यावानी बसलीय." मला लाज वाटायची आणि त्यापेक्षा जास्त भूक लागलेली असायची.

त्या बाकड्यावर बसायची परवानगी असलेलं एकच माणूस होतं, काकांची ज्योती. एकुलती एक लेक. माझ्याहून थोडी मोठी, नर्सिंगचं शिकत होती. सुट्टीत घरी आली की बापाबरोबर गाडीत बसायची; दोन डबे मांडीवर, दोन कुशीत. परभणीच्या स्टँडवर गाडी थांबली की पायरीवर उभी राहून एकेक डबा डोक्यावर धरायची आणि खणखणीत आवाजात विचारायची, "हा डबा कुणाचा?" भाजीबाजारात शोभेल असा तिचा आवाज. काका मागून म्हणत, "ही नर्स झाल्यावर पेशंट वराडल्यानंच बरे व्हनार."

एकदा माझी खोलीतली मैत्रीण नंदा तापाने फणफणली होती. तिची माणसं मेंढरंवाली. त्यांची वस्ती आमच्याच फाट्यापासून थोडी आत. मी तिच्या उशाशी बसलेली, त्यामुळे आम्ही दोघीही डबे आणायला गेलो नव्हतो. भर दुपारी दार वाजलं. दारात काका, गणवेशातच, घामाने भिजलेले, आणि मागे ज्योती, दोन्ही हातांत आमचे डबे. पत्ता माहीत नसताना कॉलेजात विचारत विचारत दोघं आली होती. ज्योतीने नंदाच्या कपाळाला हात लावला, पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि मला दम दिला की दवाखान्यात आजच न्यायचं. काकांची गाडी सुटायची वेळ झाली होती. ते दारातूनच म्हणाले, "डबा कुनी न्यायला आलं न्हाई म्हंजी घरात कायतरी इस्कटलंय. म्हनून आलाव."

ज्योतीला पुढे एका मोठ्या शहरात दवाखान्यात नोकरी लागली. शहराचं नाव मी लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक साल विचारतात, मग किती माणसं गेली ते विचारतात, आणि बोलणं आमच्या काकांपासून फार लांब जातं. तिथे एका संध्याकाळी, गर्दीच्या बसथांब्यावर, बाकड्याखाली कुणीतरी स्टीलचा डबा ठेवून निघून गेलं. त्या डब्यात जेवण नव्हतं.

काका आणि ज्योतीची आई, सुमनकाकू, तिकडे गेले आणि ज्योतीला घेऊन आले. जिंतुरात त्या दिवशी दुकानं उघडली नाहीत. ते सगळं मी लिहू शकत नाही. काही दिवसांनी काका आमच्या घरी आले तेव्हा मी सुट्टीला घरी होते. ते ओसरीवर वडिलांजवळ बसले आणि कुणी न विचारता बोलू लागले. तिथल्या दवाखान्यात त्यांना एक फळवाली भेटली होती, पायाला पट्ट्या बांधलेली. ती थांब्यापासून जराशी लांब बसायची म्हणून वाचली. तिने सगळं पाहिलं होतं.

"तिनं सांगितलं," काका म्हणाले, "तुमच्या पोरीला बाकड्याखाली डबा दिसला. तिनं वाकून उचलला. छातीशी धरला. अन् समद्या गर्दीला इचारत व्हती, हा डबा कुनाचा, हा डबा कुनाचा."

वडिलांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माय आतल्या दाराला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती.

"बाकीच्यांला बी दिसला असंल की डबा," काका म्हणाले. "त्येंनी न्हाई उचलला. त्येंच्या बापानं त्येंला शिकवलं नव्हतं."

महिन्याभराने काका कामावर रुजू झाले. त्या सकाळी मीही गावाहून त्याच गाडीने परभणीला परत निघाले होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. मधल्या काळात दुसरा कंडक्टर होता. कधी डबे घ्यायचा, कधी नाही. काका येणार हे सगळ्यांना कळलं होतं. फाट्यावर नेहमीच्या बायका नेहमीसारख्या डबे घेऊन आल्या होत्या. गाडी थांबली, काका पायरीवर उतरले, आणि एकाही बाईचा हात पुढे होईना. डबे पदराआड गेले. ज्याची लेक डब्याने नेली त्याच्या हातात डबा द्यायचा कसा, एवढंच प्रत्येकीच्या मनात होतं. मायने तर वाटेतच मला सांगितलं होतं, "आज न्हाई द्यायचा गं, तूच मांडीवर घे. त्या मानसाच्या हाताला चटका बसंल."

काकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. आमच्याकडे ज्याच्या घरात असा मृत्यू होतो त्याच्या हातचं काही दिवस कुणी घेत नाही, शुभकार्याला बोलावत नाही. त्यांना वाटलं, आपला हात आता लोकांना नकोसा झाला. त्यांच्या चेहऱ्यावर ते मला स्पष्ट दिसलं. ते खाली मान घालून उभे राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग त्यांनीच हात पुढे केला. "आना की," ते म्हणाले. "पोरं उपाशी राहतेन."

माय पुढे झाली आणि तिने त्यांच्या हातात डबा ठेवला. काकांनी तो धरला मात्र, त्यांचे हात असे थरथरू लागले की आतलं कालवण डुचमळलेलं बाहेर ऐकू आलं. ते डब्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "वहिनी, जरा उघडा."

मायला आधी कळलंच नाही. मग तिने कणकेची वळी सोलली, झाकण काढलं, डबा त्यांच्यापुढे धरला. मासळी होती. काकांनी मान हलवली आणि पुढच्या बाईकडे बघितलं. तिने आपला उघडला. पिठलं-भाकरी. तिच्या मागचीने उघडला, त्यात वांग्याची भाजी आणि लेकाला आवडतो म्हणून गुळाचा खडा. एकेक झाकण निघत होतं आणि गाडीच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. इतकी वर्षं एका फाट्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांनी एकमेकींचे डबे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

नंदाची माय शेवटी उभी होती. तिने डबा छातीशी घट्ट धरला होता. "दादा, माझ्यात काय न्हाई," ती म्हणाली. काकांना ते ऐकूच गेलं नसावं. त्यांनीच झाकण उचललं. आत शिळ्या भाकरीचे तुकडे होते, वर लाल तिखट आणि मीठ. बाकी काही नाही. परभणीत नंदा मला रोज सांगायची, मला तुझ्यासारखी भूक लागत नाही, मी अगोदरच खाऊन आले.

नंदाच्या मायने पदर तोंडावर ओढून घेतला. काका भानावर आले. घाईघाईने झाकण लावू लागले, पण ते बसेना. "ह्येचं झाकनच नीट न्हाई," ते उगीचच मोठ्याने बोलत होते, "झाकनच नीट न्हाई ह्येचं." सगळ्यांना ऐकू जावं आणि आत काय होतं ते लोकांनी विसरावं, अशी त्यांची धडपड चालली होती. पण जे दिसलं ते दिसलं होतं.

त्या दिवशी जिंतूर येईपर्यंत काकांनी कुणाचं तिकीट फाडलं नाही. पहिल्या बाकड्याशेजारी दांडीला धरून ते उभे होते, डब्यांकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी नंदाच्या मायचा डबा आला नाही. मग आणखी एकीचा आला नाही. तेवढ्यात वरून आदेशही आला की मालक सोबत नसलेली कुठलीही वस्तू गाडीत घ्यायची नाही, आणि स्टँडवरचा भोंगा दिवसभर सांगू लागला, बेवारस वस्तूंना हात लावू नका. काकांनी आदेश मोडला असता, त्यांना त्याची सवय होती. पण मोडायला डबेच राहिले नव्हते. पंधरवड्याच्या आत त्या बाकड्यावर माणसं बसायला लागली.

आम्हा मुलांचं काय झालं, ते कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही. ज्यांच्या घरी थोडी ऐपत होती त्यांनी खाणावळ लावली. मी खोलीवर स्टोव्ह घेतला, वडिलांनी मासळी सुकवून दिली. काही मुलं बॅगा घेऊन गावी गेली ती पुन्हा आली नाहीत. त्या शहरातला स्फोट जिथे झाला तिथला रस्ता म्हणे दोन दिवसांत दुरुस्त झाला. आमच्या भागातली शिक्षणं तुटली ती तुटलीच, आणि ज्यांनी तो डबा ठेवला त्यांना येलदरी नावाचं गाव आहे हेसुद्धा माहीत नसेल. मला त्यांचा सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीचा.

नंदा काही दिवस माझ्यात जेवली. पण ती मानी पोर होती. तिला घास घशाखाली उतरवताना त्रास होतोय हे मला दिसायचं. एक दिवस ती गावाकडे गेली आणि तिने निरोप धाडला की माझी वह्या-पुस्तकं तूच ठेव.

हे काकांना माझ्याकडून कळलं तेव्हा ते म्हणाले, "तू चल संगं. आपन आनू तिला." रविवारी आम्ही दोघं नंदाच्या वस्तीवर गेलो. मेंढरांच्या वाडग्याजवळ, काट्यांच्या कुंपणाशी, नंदाची माय चारा टाकत होती. तिने पोतं अंथरलं, पाणी दिलं. काका पोत्यावर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले.

"ताई, डबा देत जा. मी उघडनार न्हाई. देवाशप्पत. आदेश गेला तेल लावत, माझ्या पिशवीत घालून न्हेतो."

"दादा, तुमचं काय चुकलं न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यावर काय बेतलं ते आमाला म्हाईत न्हाई का? पन आता आमच्याच्यानं देववंना. अन् पोरीची सुपारी बी फुटलीय."

नंदा वाडग्याच्या पलीकडे उभी होती, एक कोकरू कडेवर. काकांनी तिच्याकडे बघितलं. "पोरी, एवढ्यासाठी शाळा सोडतीस व्हय? माझ्यावर राग धर, शाळंवर धरू नको."

"राग न्हाई काका," नंदा म्हणाली. "दुसऱ्या कुनी उघडला असता ना, तर मला कायबी वाटलं नसतं. तुमी उघडला."

परतीच्या वाटेवर काका माझ्यापुढे चालत होते आणि मधेच थांबून डोळे पुसत होते. नंदाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. चांगली कविता पाठ म्हणणारी मुलगी होती.

काकांनी नंतर मुक्कामी गाडी सोडली. डेपोतच बसून काम मागून घेतलं, आणि निवृत्तीनंतर जिंतुरातल्या घराबाहेर फारसे पडले नाहीत. मी त्याच तालुक्यात शाळेत मास्तरीण झाले. अधूनमधून जायचे. ते पूर्वीसारखं चिडवायचा प्रयत्न करत आणि अर्ध्यात सोडून देत. डबा बेवारस नसतो, हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

शेवटची भेट पावसाळ्याच्या अखेरीची. त्यांनी अंथरूण धरलं होतं. मायने मुद्दाम मरळीचं कालवण करून दिलं होतं, पहिल्यासारखी कणकेची वळी लावून. मी डबा त्यांच्या उशाजवळ ठेवला. त्यांनी वास घेतला आणि हसले. "आलं का धरण?"

"आलं. उघडा की."

"तूच उघड माय," ते म्हणाले. "आता झाकनाला हात लावत न्हाई मी."

मी भाकरी कुस्करून दिली, दोन घास खाल्ले असतील. मग त्यांनी विचारलं, "शाळंत काय शिकवायलीस?"

"मराठी. आणि वरून येईल ते सगळं."

"बेवारस वस्तूला हात लावू नका, ते असतंय का त्यात?"

"असतं काका."

"ते नीट शिकव. त्यात कसूर करू नको. मी माझ्या लेकीला उलटं शिकवलं."

सुमनकाकू चुलीपाशी होत्या. त्या तिथूनच कडाडल्या, "उगं कायबाय बोलू नका. तुमी तिला कदी वंगाळ शिकवलं न्हाई."

"वंगाळ शिकवलं असतं तर आज घरात असती की गं," काका म्हणाले. "चांगलं शिकवलं, त्येच नडलं."

काका भिंतीकडे तोंड करून झोपले आणि मी डबा झाकून ठेवला. त्यानंतर आठवडाभरात ते गेले. त्यांच्या मातीला आमच्या फाट्यावरच्या सगळ्या बायका एसटीने आल्या होत्या. नंदाची मायही होती. परतताना गाडीत पहिल्या बाकड्यावर त्यांच्यातली एकही बसली नाही, जागा असूनही.

गेल्या महिन्यात शाळेत सुरक्षेचा तास होता. मी फळ्यावर लिहिलं, मुलांकडून म्हणवून घेतलं. रस्त्यात, स्टँडवर, गाडीत पिशवी दिसली, खेळणं दिसलं, डबा दिसला, तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. मुलं कंटाळली होती. मागच्या बाकावरून एक पोरगी उभी राहिली. ती रोज दोन गावं ओलांडून येते आणि तिचा डबा बहुतेक वेळा रिकामाच असतो, हे मला माहीत आहे.

"बाई, पन डब्यात खरंच कुनाचं जेवन असलं तर? ते उपाशी राहील की."

ज्या तोंडाने मी काकांच्या हातचं इतकी वर्षं जेवले त्याच तोंडाने मला उत्तर द्यायचं होतं. मला ज्योती दिसली, पायरीवर उभी, डोक्यावर डबा धरलेली.

"राहू दे उपाशी," मी म्हणाले. "तरी हात लावायचा नाही. म्हणा सगळे."

आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हात लावायचा नाही." ती मागची पोरगी तेवढी म्हणाली नाही. ती अजून उभीच होती.